खर्जाचा सौदा

गाण्याच्या कोणत्याही वृंदांत लोकांचे डोळे आधीं गाणाऱ्याकडे जातात, मग तबल्याकडे किंवा ड्रमकडे, आणि वेळ उरलाच तर गिटारवाल्याकडे. त्याच्याही मागें, बहुधा भिंतीला पाठ लावून, चार जाड तारांचें लांब मानेचें वाद्य गळ्यांत अडकवून जो उभा असतो, त्याचें नांव कार्यक्रमपत्रिकेंत छापावयाचें राहून गेलें तरी कोणी तक्रार करीत नाहीं. पण त्यानें मध्येंच हात थांबविला, तर घराखालचें जोतें कोणीं काढून घेतलें असें सर्वांना एकदम वाटतें. त्या वाद्याला बेस गिटार म्हणतात. गेलीं बावीस वर्षें मी तें वाजवीत आलों आहें. आणि तितकींच वर्षें तें विकत घेणें, विकणें, दुसऱ्याला घेऊन देणें व त्यावर तासन्‌तास वाद घालणें हाही उद्योग करीत आलों आहें. वाजविण्यांत मीं फार मोठी मजल मारली असें म्हणवत नाहीं. सौद्यांत मात्र चार गोष्टी शिकलों. आपल्या शाळेचीं मुलें हल्लीं उपासनेच्या वेळीं व स्नेहसंमेलनांत हीं वाद्यें वाजवूं लागलीं आहेत, आणि पालकांकडून “कोणतें घ्यावें, केवढ्याला घ्यावें” अशी विचारणा होते, म्हणून हा लेख.

प्रथम वाद्याची ओळख. साध्या गिटारला सहा तारा असतात, हिला बहुधा चार. हिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कंप पावते. साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेचीं कंपनें सुमारें ८२, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. इतका खालचा स्वर तार सैल न पडतां निघावा म्हणून ती लांब लागते. मानेच्या टोंकावरच्या अटीपासून घोडीपर्यंत बहुतेक बेस गिटारींत ३४ इंच अंतर असतें. लहान मुलाच्या हाताला हें अंतर जड जातें. त्याकरितां ३० इंचांच्या आंखूड गिटारीही मिळतात, व त्या घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

या ४१ कंपनांवरून व्यवहाराची एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. विकणारे हल्लीं वाद्याचें ध्वनिमुद्रण फोनवर पाठवितात, आणि घेणारा तें फोनवरच ऐकून खूष होतो. परंतु फोनच्या चिमुकल्या कर्ण्यांतून एवढा खालचा स्वर जवळजवळ बाहेर पडतच नाहीं. वरचे उपस्वर तेवढे ऐकूं येतात, आणि त्यांवरून मूळचा खर्ज आपला मेंदू स्वतःच कल्पून घेतो. म्हणजे ज्या गुणाकरितां पैसे मोजावयाचे, तो गुण आपणच आपल्या डोक्यांत तयार करून विकणाऱ्याच्या खात्यावर जमा करीत असतों. बेस गिटार घ्यावयाची तर ती छातीशीं धरून, ध्वनिवर्धकाला जोडून, स्वतः वाजवून घ्यावी.

हें वाद्य वयानें लहान आहे. पूर्वीं हें काम डबल बेस करी. तें माणसाहून उंच वाद्य, प्रवासांत गाडीच्या टपावर बांधावें लागे, आणि ड्रम व कर्णे जोरांत आले कीं त्याचा आवाज बुडून जाई. शिवाय त्याला पडदे नसत. स्वर कोठें आहे हें बोटानेंच शोधावयाचें. अमेरिकेंत सिॲटल येथें पॉल टटमार्क यांनीं १९३० नंतरच्या दशकांत पडद्यांची, विजेवर चालणारी बेस करून पाहिली, पण ती फारशी चालली नाहीं. पुढें १९५१ सालीं कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यांनीं ‘प्रिसिजन बेस’ बाजारांत आणली. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. पडद्यांमुळें स्वर अचूक पडे म्हणून हें नांव. गंमत अशी कीं, फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. वादक येत, तक्रारी सांगत, आणि ते निमूटपणें ऐकून दुसऱ्या दिवशीं लाकूड कापीत. १९६० सालीं त्यांचीच बारीक मानेची ‘जॅझ बेस’ निघाली. आजही जगांत बनणाऱ्या बेस गिटारींपैकीं पुष्कळशा या दोहोंच्याच लेकी-नाती आहेत. १९६५ सालीं त्यांनीं आपला कारखाना सीबीएस या मोठ्या कंपनीस विकला, आणि तेव्हांपासून जुन्या बाजारांत एक श्रद्धा रूढ झाली: त्या सालापूर्वींचें वाद्य तें सोनें, नंतरचें तें पितळ. या श्रद्धेंत कांहीं तथ्य आहे. पण ती बाळगणाऱ्यांपैकीं डोळे मिटून दोहोंतला फरक सांगणारे किती निघतील, याविषयीं मला दाट शंका आहे.

आवाज निघतो कसा, हेंही मुलांनीं समजून घ्यावें. तारांच्या खालीं एक डबी बसविलेली असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्यांत लोहचुंबक आणि त्याभोंवतीं केसासारख्या तांब्याच्या तारेचीं हजारों वेटोळीं. वरची पोलादी तार हलली कीं चुंबकीय क्षेत्र हलतें आणि वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं जें दाखविलें, व जें आपण विज्ञानाच्या तासाला शिकतों, तेंच हें. १९५७ पासून प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत होऊं लागला. दोहोंचीं वेटोळीं व चुंबक परस्परांच्या उलट. त्यामुळें तारांचा आवाज कायम राहतो आणि भोंवतालच्या विजेच्या वायरींतून शिरणारी घूं-घूं आपापसांत विरून जाते. ज्या देवळांत माथ्यावर आठ पंखे आणि भिंतीवर सोळा नळ्या आहेत, तेथें प्रार्थनेच्या शांत वेळीं या युक्तीचें मोल कळतें.

आतां पेडल. पेडल म्हणजे पायापाशीं ठेवावयाची धातूची डबी. गिटारमधून निघालेला प्रवाह ध्वनिवर्धकाकडे जातांना वाटेंत हिच्यांतून जातो, आणि बटण पायानें दाबलें कीं त्या प्रवाहाचें रूप पालटतें. कोणी डबी आवाज फाडते, कोणी दुणावते, कोणी लाटांसारखा हेलकावते, कोणी मोठा-लहान आवाज एका पातळीवर आणते. आवाज फाडणाऱ्या डबीची जन्मकथा तर मोठी मौजेची आहे. अमेरिकेंत नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोंट वरी’ या गीताचें मुद्रण चाललें असतां ग्रेडी मार्टिन हे सहा तारांची बेस गिटार वाजवीत होते. मुद्रणयंत्राच्या एका भागांत बिघाड झाला आणि त्यांच्या वाद्याचा आवाज एकाएकीं खरबरीत, गांधीलमाशीसारखा निघूं लागला. तो तसाच ठेवून १९६१ सालीं गीत प्रसिद्ध झालें, आणि लोकांना तो बिघाडच आवडला. तेथले ध्वनियंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनीं मग तोच बिघाड मुद्दाम उत्पन्न करणारी लहानशी जोडणी सिद्ध केली, आणि १९६२ सालीं गिब्सन कंपनीनें ती ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नांवानें विकावयास काढली. खरी मागणी आली ती १९६५ सालीं रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यांत तो आवाज ऐकूं आल्यावर. म्हणजे ज्या फाटक्या आवाजावर आज गिटारवाले आपला वडिलोपार्जित हक्क सांगतात, तो प्रथम बेसच्या जातीच्या वाद्यांतून निघाला. ही गोष्ट त्यांना वारंवार सांगण्यांत मला विशेष आनंद वाटतो.

बेसवाल्याला या डबीचा एक जाच आहे. आवाज फाडतांना ती बहुधा खर्जच खाऊन टाकते. आवेश दिसतो, पाया जातो. म्हणून बेससाठीं केलेल्या पेडलांत मूळ स्वच्छ आवाज थोडा मिसळून घेण्याची कळ असते. ती नसलेलें पेडल बेससाठीं घेऊं नये, मग डबीवर चित्र कितीही सुंदर असो. दुसरें असें कीं, बहुतेक पेडलें ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या प्लगचें मधलें टोंक ऋण असतें. पण कांहींचें धन असतें. डबीवरची खूण न पाहतां मिळेल तो अडॅप्टर खुपसला तर चांगली वस्तु क्षणांत जळूं शकते. जुनें पेडल घेतांना तळाचें झांकण उघडून बॅटरी पाझरली आहे कीं काय तेंही पाहावें. आणि पेडलांच्या भावाविषयीं काय सांगावें? ‘क्लॉन सेंटॉर’ नांवाचें एक पेडल १९९४ पासून बोस्टनकडील एका गृहस्थानें हातानें बनविलें. आंतली जोडणी कोणाला दिसूं नये म्हणून त्यानें तिच्यावर काळें लुकण ओतलें होतें. तें बनणें थांबलें, आणि आज मूळ डबीला हजारों डॉलर पडतात. तिच्यासारखा आवाज देणाऱ्या नकला त्याच्या विसाव्या हिश्शांत मिळतात. माझें मत विचाराल तर नवशिक्यानें पहिलें वर्षभर स्वर जुळविण्याच्या ट्यूनरखेरीज एकही पेडल घेऊं नये.

जुनी गिटार पाहावी कशी? मान डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून घोडीच्या दिशेनें पाहावी. तारांच्या ओढीनें मान वांकते. तिला आवर घालावयास आंत पोलादी सळई असते, आणि ती पिळून मान सरळ करतां येते. पण सळईची चक्री आधींच शेवटापर्यंत पिळलेली असेल, तर पुढें करावयास कांहीं उरत नाहीं. मान पीळ खाऊन एका बाजूस कलली असेल तर तें वाद्य नमस्कार करून परत द्यावें. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवावी, एकही न वगळतां. विकणारा कंटाळला तरी चालेल. कळा फिरवितांना खरखर आली तर ती बहुधा धुळीची असते, चार पैशांत जाते. तिच्या नांवानें भाव मात्र थोडा उतरवितां येतो. तारा जुन्या असल्या तर बिचकूं नये. डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन, ज्यांच्या खर्जावर मोटाऊन कंपनीचीं कितीतरी गाणीं उभीं आहेत, ते तार तुटल्याशिवाय बदलीत नसत आणि उजव्या हाताच्या एका तर्जनीनेंच वाजवीत. गाण्यांच्या तबकड्यांवर त्यांचें नांव वर्षानुवर्षें छापलें जात नसे. १९७१ सालीं मार्विन गे यांच्या एका संग्रहावर तें प्रथम आलें.

मुंबईंत या सौद्यांचें पीठ म्हणजे धोबीतलावाचा परिसर. फुर्टाडो यांची पेढी १८६५ पासूनची. गोव्याच्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. तेथून आलेल्या वादकांनीं मुंबईचे नाचाचे वृंद आणि पुढें चित्रपटांचे वृंद भरून काढले. त्या पिढीच्या घरांतून अजूनही एखादें जुनें वाद्य बाहेर पडतें. तें घ्यावयास गेलें कीं भावाची गोष्ट पाऊण तासानें निघते. तोंपर्यंत चहा आणि वाद. जुनें लाकूड बरें कीं नवें, बोटानें वाजवावें कीं नखीनें, चार तारा पुरेत कीं पांच हव्यात! या वादांचा निकाल मीं बावीस वर्षांत लागलेला पाहिला नाहीं, आणि तो लागूं नये अशीच दोन्हीं पक्षांची इच्छा दिसते.

गेल्या वर्षीं आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी माझ्याकडे आला. सकाळीं वर्तमानपत्रें टाकून त्यानें चौदा हजार रुपये जमविले होते. मंडळीच्या गायकवर्गांत तो मागून घेतलेल्या गिटारवर वाजवीत असे, आणि ती मालकानें परत मागितली होती. एका ओळखीच्या ओळखीनें त्याला बातमी लागली कीं, एक अमेरिकन बनावटीची बेस कोणी बारा हजारांत देत आहे. तसलें वाद्य जुनेंही साठ-सत्तर हजारांच्या खालीं मिळत नाहीं. आम्ही दोघे गेलों. विकणारा पंचविशीचा तरुण. पेटी नाहीं, नुसती पोत्यासारखी पिशवी. वाद्य उत्तम होतें. मान सरळ, पडदे ताजे. मुलानें तें हातांत घेतलें आणि त्याचा चेहरा असा उजळला कीं माझ्यानें त्याच्याकडे पाहवेना, कारण माझें लक्ष तोंवर मानेच्या माथ्याकडे गेलें होतें. जेथें कारखान्याचा क्रमांक असतो, तेथलें रोगण कोणीं घासून काढलें होतें.

“क्रमांक कोठें गेला?” मीं विचारलें.

“नंबरानें वाजतें का, सर?” तो हंसून म्हणाला.

“आपण हें घेतलें कोणाकडून?”

“मित्राचें आहे. तो बाहेरगांवीं असतो.”

मित्राशीं फोनवर बोलूं द्याल का, असें मीं विचारल्यावर भाव दहा हजारांवर आला. जिना उतरतांना मुलगा माझ्याशीं बोलला नाहीं. खालीं आल्यावर म्हणाला, “सर, तें चोरीचें आहे हें तुम्हांला ठाऊक आहे का?” मीं खरें तेंच सांगितलें: ठाऊक नाहीं. “मग?” या ‘मग’ला तेथल्या तेथें पटेल असें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. पैसे त्याचे होते. मीं नको म्हटल्यावरही तो एकटा परत जाऊं शकला असता. पुढचे तीन रविवार गायकवर्ग खर्जावांचून गायला, आणि तो मुलगा मागच्या बांकावर हाताची घडी घालून बसला.

त्या दिवसांत मीं त्याला तीन वाद्यांच्या गोष्टी सांगितल्या. जेमरसन यांची १९६२ ची प्रिसिजन १९८३ सालीं त्यांच्या मृत्यूपूर्वीं अवघे कांहीं दिवस चोरीस गेली. त्यांच्या हयातींत ती परत आली नाहीं. जॅको पॅस्टोरियस यांनीं आपल्या १९६२ च्या जॅझ बेसचे पडदे काढून टाकून, वर होड्यांना लावतात तें राळेचें लुकण चढविलें होतें. त्या वाद्यांतून निघालेला गाणारा खर्ज पूर्वीं कोणीं ऐकला नव्हता. ती १९८६ सालीं न्यूयॉर्कमध्यें चोरीस गेली आणि पुढच्याच वर्षीं ते वारले. सुमारें वीस वर्षांनीं ती तेथल्याच एका वाद्यविक्रेत्याच्या हातीं आली, आणि कुटुंबाला ती परत मिळावी म्हणून रॉबर्ट त्रुहियो या दुसऱ्या बेसवादकाला पदरचे पैसे घालावे लागले. तिसरी पॉल मॅकार्टनी यांची. १९६१ सालीं हॅम्बुर्ग येथें त्यांनीं हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस सुमारें तीस पौंडांना घेतली. ते डावखुरे, आणि दोन्हीं बाजू सारख्या असल्यामुळें ती उलटी धरली तरी विचित्र दिसत नसे. १९७२ सालीं लंडनच्या नॉटिंग हिल भागांत ती एका मोटारींतून चोरीस गेली, आणि चोरानें ती एका मद्यगृहाच्या मालकास विकली. एकावन्न वर्षांनीं शोध घेणाऱ्यांस ती ससेक्समध्यें एका घराच्या माळ्यावर सांपडली. परत मिळाल्याची वार्ता २०२४ च्या फेब्रुवारींत जाहीर झाली.

मुलानें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “त्या माळ्यावरच्या माणसांना इतकीं वर्षें कांहींच वाटलें नसेल का?” मी म्हणालों, त्यांना बहुधा ती कोणाची हें माहीतच नसावें. तो म्हणाला, “म्हणजे कोणींच विचारलें नाहीं.” त्यानंतर त्यानें त्या तरुणाचें नांव काढलें नाहीं.

दोन महिन्यांनीं वसईकडे एका वयोवृद्ध वादकाचें वाद्य निघाल्याचें कळलें. जपानी बनावटीची, चाळीस वर्षांची बेस. रंग कॉफीसारखा, कडांना उडालेला. लग्नाच्या वृंदांत त्यांनीं ती आयुष्यभर वाजविली होती. आतां संधिवातानें बोटें मिटत नव्हतीं. मीं मान डोळ्यासमोर धरण्यापूर्वींच त्यांनीं दिवा जवळ ओढून घेतला आणि तिसऱ्या पडद्यावरचा खड्डा दाखविला. मग घोडीजवळची बारीक चीर दाखविली. “ही एका पावसाळ्यांतली,” म्हणाले, “स्टेजवरून पडली. चिकटविली आहे, पण आहे.” क्रमांक मानेच्या माथ्यावर स्पष्ट होता. किंमत अठरा हजार.

“अंकल, माझ्याजवळ चौदा आहेत,” मुलगा म्हणाला.

त्यांनीं भाव कमी केला नाहीं. मला तें आवडलें. वाद्य अठराचेंच होतें. उरलेले चार हजार चार महिन्यांत द्यावे असें ठरलें. मग त्यांनीं वहीचें पान फाडून वांकड्या बोटांनीं सावकाश पावती लिहिली: वाद्याचा क्रमांक, तें स्वतः कोणत्या सालीं कोणाकडून घेतलें, केवढ्याला घेतलें, कोठें चीर आहे, आणि आतां कोणास दिलें. मुलानें ती दोनदां वाचली व पेटीच्या आंतल्या कप्प्यांत ठेवली. हप्ते त्यानें ठरल्या तारखांस पोंचविले. शेवटचा द्यावयास मीही बरोबर गेलों होतों. खिडकींत एक लहानसें, गंजाचे ठिपके पडलेलें फझ पेडल होतें. त्यावर मुलाची नजर पहिल्या दिवसापासून होती. तेंही विकावयाचें आहे का, असें त्यानें भीत भीत विचारलें.

म्हातारबुवांनीं तें उचलून मांडीवर घेतलें. “नाहीं बाबा,” म्हणाले. “बोटें गेलीं, पाय अजून शाबूत आहे.”